मी ईडीत नाही, ईडीच्या शेजारच्या खोलीत बसते

परवा आईशी फोनवर बोलता बोलता सहज म्हणून गेले, "चल ठेवते, ईडीने बोलावलंय," आणि पलीकडे एकदम शांतता. मग दबक्या आवाजात, "काय केलंस गं?" आता तिला काय सांगणार, की इकडे अमेरिकेत नॉनप्रॉफिटच्या एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरला सगळे ईडीच म्हणतात, आणि इकडचे ईडी धाडबिड घालत नाहीत, उलट तेच बिचारे वर्षभर लोकांकडे पैसे मागत फिरतात. हसून हसून पुरेवाट झाली, पण मग आईने विचारलं की इतकी वर्षं तिथे आहेस, तू करतेस काय नक्की, आणि मला एका वाक्यात सांगता येईना. म्हणून ही पोस्ट. एका वाक्यात होणार नाहीच, आधीच सांगून ठेवते.

तर आमची संस्था कोर्टाच्या सुधारणांसाठी काम करते. राज्याचं नाव देत नाहीये कारण हे क्षेत्र एवढंसं आहे की नाव टाकलं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी ट्रान्सलेट करून वाचलेलं असेल. आम्ही कुणाचे खटले लढवत नाही, वकिली सल्ला देत नाही. न्यायाधीश कसे निवडावेत, कोर्टात लोकांना किती ताटकळावं लागतं, दुभाषा मिळतो का, जामिनाची सुनावणी दोन मिनिटांत उरकतात का, असल्या गोष्टींवर नजर ठेवायची, रिपोर्ट काढायचे, आमदारांच्या मागे लागायचं. आपल्याकडच्या लोकांना पहिला धक्का हाच बसतो की इकडे बऱ्याच राज्यांत न्यायाधीश चक्क निवडणूक लढवून येतात, पाट्या लावून, देणग्या घेऊन, आणि देणग्या देणारे कोण तर बऱ्याचदा त्यांच्याच कोर्टात उभे राहणारे वकील. त्याला पर्याय म्हणून मिझुरी राज्याने १९४० साली एक पद्धत आणली, एक समिती नावं सुचवणार, त्यातून गव्हर्नर एक निवडणार, आणि काही काळाने लोक फक्त ठेवा की काढा एवढंच मत देणार. आमच्यासारख्या कितीतरी संस्थांचा अख्खा जन्म या मिझुरी प्लॅनच्या मागे धावण्यात गेलाय.

काही काळापूर्वीपर्यंत आम्ही ऑफिसात सहा जण. ईडी, एक पॉलिसीवाला, एक कोर्टवॉचची (म्हणजे स्वयंसेवकांनी कोर्टात बसून नोंदी घ्यायच्या, त्याची) कोऑर्डिनेटर, एक डेव्हलपमेंटवाली (इकडे देणग्या गोळा करण्याला डेव्हलपमेंट म्हणतात, मला पहिले दोन महिने वाटत होतं की संस्था बिल्डिंग बांधतेय), मी, म्हणजे ऑपरेशन्स मॅनेजर, आणि मावशी. मावशी म्हणजे आमची रिसेप्शनिस्ट कम ऑफिस असिस्टंट कम सगळंच. आधी २६ वर्षं काउंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाच्या क्लर्क ऑफिसात नोकरी, तिथून रिटायर होऊन आमच्याकडे. तिला मावशी मी फक्त मनात म्हणते. आणि या सगळ्यांच्या वर एकवीस जणांचं बोर्ड, त्यातले सतरा वकील. एकवीस जणांच्या मीटिंगची वेळ ठरवणं हे माझं काम आहे आणि त्यावर एक वेगळी पोस्ट होईल, नको.

मी यात आले ती अपघाताने. एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर घरी बसले होते, २०१५ मध्ये आमच्यातल्या काही जणींना वर्क परमिट मिळायला लागलं, आणि पुढच्या वर्षी आठवड्याला पंधरा तासांचं बुककीपिंग मिळालं ते इथे. कोर्टाबद्दल शष्प माहीत नव्हतं. बी.कॉम. कामाला आलं, एवढंच.

आता माझं खरं काम. आमच्यासारख्या करमुक्त संस्थेला दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, फॉर्म ९९० भरावा लागतो, आणि हा फॉर्म जाहीर असतो, कुणीही उघडून बघू शकतं, ईडीचा पगार किती हेसुद्धा त्यात लिहिलेलं. सलग तीन वर्षं भरला नाही की करमुक्तीचा दर्जा आपोआप जातो, सुनावणीबिनावणी काही नाही. त्यात खर्चाचं एक पान आहे, त्याला तीन रकाने, प्रोग्राम, मॅनेजमेंट अँड जनरल, आणि फंडरेझिंग. प्रत्येक डॉलर या तिघांपैकी कुठेतरी बसवायचा. माझा पगारसुद्धा. म्हणजे मी स्वतःच स्वतःचे तीन तुकडे करून भरते, कोर्टवॉचच्या फॉर्मांना नंबर टाकले ते दोन तास प्रोग्राम, बँकेचा मेळ घातला ते मॅनेजमेंट, डिनरच्या टेबलांचे पैसे लावले ते फंडरेझिंग. देणगीदार बघतात काय, तर मधला रकाना किती मोठा आहे. मोठा असला की भुवया वर. तो मधला रकाना म्हणजे मी आणि मावशी.

आणि टाइमशीटवरून ईडीशी माझी जी हुज्जत चालायची ती ऐकण्यासारखी असायची. आमच्या प्रकारच्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद, १९५४ पासून हा नियम आहे, म्हणजे न्यायाधीशाच्या निवडणुकीत आम्ही कुणाच्या पोस्टला लाइकसुद्धा करत नाही. पण कायदा बदला म्हणून आमदारांना गाठायला (त्याला लॉबिंग म्हणतात) परवानगी आहे, फक्त मोजून. आम्ही जो पर्याय घेतलाय त्यात पहिल्या पाच लाख डॉलरच्या खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि त्यात ईडीचा वेळही धरायचा. तर ईडी एका सिनेटरला तीन तास भेटून आली आणि टाइमशीटवर लिहिलं जनजागृती. मी विचारलं, बिलाबद्दल बोललात का? म्हणे थोडंसं. थोडंसं म्हणजे किती? ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे, मग ती खोडून लॉबिंग दोन तास लिहिते. एवढी शिकलेली वकील बाई, पण या एका बाबतीत माझ्यापुढे शाळेतल्या मुलीसारखी उभी असायची. मला मनातून मजा यायची, खोटं कशाला बोलू.

या सगळ्यात मला एक गोष्ट सापडली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. ऑगस्ट १९७० मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरून एक वर्ष झालं होतं, तेव्हाचे अमेरिकेचे सरन्यायाधीश वॉरन बर्गर वकिलांच्या देशव्यापी सभेत म्हणाले की आपल्याकडे चंद्रावर जाऊ शकतील असे ५८ तरी अंतराळवीर आहेत, पण कोर्टाचं खरंखुरं प्रशासन जाणणारी माणसं तेवढीही नाहीत. सुपरमार्केटच्या जमान्यात आपण कोपऱ्यावरच्या वाण्यासारखी कोर्टं चालवतोय असंही म्हणाले. त्याच वर्षी कोर्ट मॅनेजर तयार करणारी एक संस्था निघाली, आणि १९७१ मध्ये बर्गर यांच्याच पुढाकाराने नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स, जी आज या क्षेत्रातली थोरली संस्था. म्हणजे कोर्ट सुधारणा ही भानगड मुळातच नुसती थोर न्यायाधीशांची नाही, ती तारखा लावणाऱ्या, फायली हलवणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या माणसांची आहे, हे देशाच्या सरन्यायाधीशाने उभं राहून सांगितलं. आणि आम्ही तेच गेली पन्नास वर्षं कोर्टांना सांगतोय, बाबांनो चांगले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमा, त्यांना पगार द्या, त्यांचं ऐका. स्वतःच्या ऑफिसात मात्र तोच माणूस म्हणजे ओव्हरहेड, वरखर्च. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्याच्याही मागे गेलं तर अजून गंमत. कोर्ट सुधारणांसाठी काढलेली सगळ्यात जुनी राष्ट्रीय संस्था अमेरिकन ज्युडिकेचर सोसायटी, १९१३ ची. ती चालवली हर्बर्ट हार्ली नावाच्या माणसाने, मिशिगनमधल्या एका छोट्या गावातला वकील आणि वर्तमानपत्राचा संपादक, आणि पैसे दिले त्याच गावच्या एका लाकूड-मिठाच्या व्यापाऱ्याने. हार्लीचं पद काय होतं माहितीये? सेक्रेटरी. मोठी मोठी नावं बोर्डावर, आणि हा सेक्रेटरी १९४५ पर्यंत पत्रव्यवहार बघतोय आणि संस्थेचं नियतकालिक काढतोय. मी हे वाचलं तेव्हा मावशीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, मग, अजून कोण चालवणार. ती संस्था २०१४ मध्ये बंद झाली, एकशे एक वर्षांनी. काम चुकीचं होतं म्हणून नाही, पैसे आणि सभासद आटत गेले म्हणून. नियतकालिक ड्यूक विद्यापीठाच्या लॉ स्कूलकडे गेलं आणि न्यायाधीशांच्या आचारसंहितेचं केंद्र नॅशनल सेंटरकडे. आमच्या ऑफिसात ती बातमी अजून आठवण काढून सांगतात, घरातला कर्ता गेल्यासारखी.

आता डिनरची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मावशी कळणार नाही.

वर्षातून एकदा आमचं मोठं डिनर असतं, लॉ फर्म टेबलं घेतात, एकाला पुरस्कार देतात, वर्षाच्या बजेटचा मोठा हिस्सा त्या एका रात्रीत येतो. एका वर्षी बोर्डाने ठरवलं की यंदा सन्मान एका फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या न्यायाधीशांचा. सगळ्यांना आवडलं, तेही हो म्हणाले, मी प्रिंटरला फाइल पाठवली आणि सहाशे निमंत्रणं छापून आली, सुंदर, जाड क्रीम कागद, त्यांचं नाव मध्यभागी. खोकी टेबलावर उघडली, मावशीने पत्ते चिकटवायला एक कार्ड उचललं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाली, हे पैसे गोळा करायचं डिनर आहे ना? मग हे नाव इथे कसं?

मला काही कळेना. तर फेडरल न्यायाधीशांची आचारसंहिता अशी की कायद्याशी संबंधित संस्थेच्या निधी जमवायच्या कार्यक्रमाला ते नुसते येऊन बसले तर चालतं, पण तिथे वक्ता किंवा सन्मानमूर्ती म्हणून त्यांचं नाव लावता येत नाही. राज्याच्या न्यायाधीशांचे नियम वेगळे, बऱ्याच ठिकाणी थोडे सैल, म्हणून आमचा घोळ झाला, आधीच्या वर्षांत सगळे राज्याचे होते. सतरा वकिलांचं बोर्ड, त्यांची पुरस्कार समिती, ईडी, कुणाच्याही लक्षात आलं नाही. न्यायाधीशांच्या चेंबरमधूनही हो आलं होतं, बहुतेक तिथे कुणी डिनर शब्दापुढे वाचलंच नसावं. न्यायाधीशांनी कसं वागावं हे जगाला सांगणारी संस्था, आणि आम्हीच एकाला अडचणीत आणत होतो.

ईडीचा चेहरा उतरला, पण एक मानलं पाहिजे, ती दोन मिनिटांत सावरली. स्वतः चेंबरला फोन केला, स्वतः बोर्डाच्या अध्यक्षांना सांगितलं, आणि चूक माझी असं म्हणाली, मावशीचं नाव घेऊन सांगितलं की हिच्या लक्षात आलं. पुरस्कार तीन आठवडे आधी एका साध्या, बिनतिकीट चहापानाला दिला, डिनर वेगळं झालं. सहाशे कार्डं रद्दीत. रद्दीत म्हणजे मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर पुढची दोन वर्षं याद्या केल्या.

लीडरशिप लीडरशिप म्हणतात त्यातलं मला खरोखर पटलेलं तेवढंच, त्या दुपारचं. बाकी रिट्रीट, व्हिजन, पाच वर्षांचा आराखडा वगैरे होतच असतं, मी जेवणाची ऑर्डर देते.

कोर्टवॉचचं पण सांगते थोडक्यात. आमचे स्वयंसेवक, बहुतेक रिटायर्ड लोक, कॉलेजची मुलं, कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर क्लिपबोर्ड घेऊन बसतात आणि टिपतात, वेळ नऊची होती, कामकाज किती वाजता सुरू झालं, आरोपीला समजेल असं बोलले का, वकील होता का. एका वर्षीचा रिपोर्ट तयार झाला, प्रेस रिलीज तयार, ईडीची मुलाखत ठरलेली. मी आकडे शेवटचे तपासत होते आणि एकाच कोर्टरूमचे एकाच दिवशीचे दोन फॉर्म हाताला लागले, एकात सुरुवात ९:१२, दुसऱ्यात ९:४७. दोघेही शेजारी शेजारी बसले असणार. दोघांना फोन केला. एका काकांनी न्यायाधीश खुर्चीवर बसले ती वेळ लिहिली होती, दुसऱ्या बाईंनी पहिला खटला पुकारला ती. फॉर्मवर आम्ही नुसतं 'सुरुवात' लिहिलं होतं. म्हणजे चूक त्यांची नाहीच. अकराशे फॉर्म, आणि प्रत्येकाने आपापल्या मनाची सुरुवात धरलेली.

मुलाखत रद्द करायला ईडी तयार नव्हती, तिचंही बरोबर, पत्रकार पुन्हा येत नाहीत. पण उशिराचा मुद्दाच रिपोर्टचा मथळा होता. शेवटी तो भाग काढला, बाकीचा रिपोर्ट गेला, मथळा पडेल झाला, आणि बोर्डाच्या एका सदस्याने मला मेल केली की एवढ्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतं. मी उत्तर लिहिलं आणि पाठवलं नाही. पुढच्या वर्षीपासून फॉर्मवर दोन वेळा आहेत.

त्याच वर्षी अजून एक. रिपोर्टमध्ये ज्या न्यायाधीशांवर टीका होती त्यांच्यापुढे आमच्या एका बोर्ड सदस्याचा खटला चालू होता. रिपोर्ट पुढे ढकलावा असा मुद्दा त्यांनी मीटिंगमध्ये काढला, मग दुसऱ्या कुणीतरी आठवण करून दिली, मग ते चर्चेतून बाजूला झाले, मत दिलं नाही. हे सगळं व्यवस्थित झालं. पण नंतर अध्यक्ष माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, हे मिनिट्समध्ये घ्यायलाच हवं का? मी फॉर्म ९९० चा सहावा भाग उघडून दाखवला, त्यात सरळ प्रश्न आहेत, मीटिंगची नोंद वेळच्या वेळी ठेवता का, हितसंबंधांचं लेखी धोरण आहे का, त्यावर लक्ष ठेवता का. आपण तिन्हीला हो लिहितो, म्हटलं. सही तुमच्याच ईडीची असते. ते गेले. मिनिट्समध्ये दीड ओळ आहे, साधी, कुणाला वाईट वाटणार नाही अशी. दीड ओळ लिहायला मला एक तास लागला.

आता जे सांगायचं नव्हतं ते. ईडी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. नवा ईडी तरुण आहे, हुशार आहे, आमदारांशी पटकन जमवतो, मला आवडतो. पण पहिल्याच बजेटमध्ये मधला रकाना बारीक करायचा म्हणून मावशीची जागा अर्धवेळ केली, आणि तिने महिन्याभरात राजीनामा दिला, शांतपणे, केक खाऊन. जागा भरली नाही. एका मोठ्या देणगीदाराला प्रपोजलमध्ये चांगला टक्का दाखवता आला. २०१३ मध्ये संस्थांची माहिती लोकांपुढे ठेवणाऱ्या तीन मोठ्या संघटनांनी मिळून अमेरिकेच्या देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं की ओव्हरहेडच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका, आणि आता सरकारी अनुदानातही वरखर्चासाठी सरसकट मिळणारा दर १० वरून १५ टक्के केलाय. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला पुढच्या वर्षी बघू. त्याच्यावर बोर्डाचं प्रेशर आहे हे मला दिसतं, आणि बजेटचा तक्ता तर मीच करून दिला होता, मावशीची ओळ मीच अर्धी केली, फॉर्म्युला लिहून. त्याबद्दल कुणाला दोष देऊ.

मावशीचा फोन आता माझ्या टेबलावर वळवलाय. आणि तेव्हा कळलं की दिवसभर तिला कोण फोन करत होतं. बोर्ड नाही, पत्रकार नाही. लोक. नावात कोर्ट आहे म्हणून आम्हालाच कोर्ट समजतात. माझ्या मुलाची उद्या तारीख आहे, कुठल्या मजल्यावर? दंडाचा हप्ता चुकलाय, वॉरंट निघेल का? आम्ही सल्ला द्यायचा नाही, तो वकिलांनीच द्यायचा, तेव्हा पहिले काही दिवस मी प्रत्येकाला नम्रपणे सांगत होते की माफ करा, आम्ही ती संस्था नव्हे.

मागच्या आठवड्यात एक बाई होत्या, घर खाली करायची नोटीस आली होती, सकाळपासून चार ठिकाणी फोन करून झालेले, आवाज अगदी संपलेला. मी नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि पेन शोधायला मावशीचा जुना ड्रॉवर ओढला. तळाला त्या क्रीम कार्डाच्या कोऱ्या पाठीवर टाइप केलेली यादी होती, राज्यातल्या प्रत्येक काउंटीच्या क्लर्क ऑफिसचा थेट नंबर, काही खोडून शेजारी पेनाने नवे घातलेले. मी त्यांची काउंटी विचारली, नंबर वाचून दाखवला, मग पुढे तिच्या बारीक तिरक्या अक्षरात होतं तेही वाचलं, "१२ ते १ उचलत नाहीत. १:१० ला करा. ३ दाबा, २ नाही."

घड्याळात बारा पंचवीस झाले होते. त्या बाई म्हणाल्या, थांबते मग.